मिटलेल्या वहीतील नवी नोंद

दिवाळीत वहीपूजन झाले की गतवर्षीच्या वहीला हात लावायचा नाही, हा पेढीवरचा जुना रिवाज. भारत सरकारने २०१२ मध्ये तो मोडला.

व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसन या हाँगकाँगच्या कंपनीकडून भारतातील मोबाइल व्यवसाय सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. घेणारा परदेशी, विकणारा परदेशी, हस्तांतरित झालेले समभाग केमन बेटांवरील कंपनीचे. धंदा मात्र भारतातला. प्राप्तिकर खात्याने कर मागितला आणि ती मागणी अगदीच अनाठायी नव्हती. परंतु प्रचलित कायद्यात असा कर बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दिला. काही महिन्यांतच संसदेने कायदा बदलला आणि तो बदल थेट १९६२ पासून लागू केला.

शेअर बाजारात लावलेला पैसा एका दिवसात काढता येतो. कारखाना किंवा तेलविहीर उचलून नेता येत नाही. म्हणून थेट गुंतवणूक करणारा कराच्या दराइतकेच हेही पाहतो, की आज ठरलेला नियम वीस वर्षांनी टिकेल काय, आणि न टिकल्यास दाद कोठे मागावी? समाधानकारक उत्तर नसेल तर भांडवल दुसऱ्या देशाच्या कराराचे छत्र घेऊन येते. व्होडाफोनने नेदरलँड्सबरोबरच्या कराराचा आधार घेतला आणि सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने तिच्या बाजूने कौल दिला. डिसेंबरात केर्न या तेल कंपनीलाही सुमारे १२० कोटी डॉलरचा निवाडा मिळाला. पुढे तिने भारत सरकारच्या पॅरिसमधील मालमत्तेवर टाच आणवली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये तो पूर्वलक्षी कर मागे घेण्यात आला आणि वसूल झालेले सुमारे ८,१०० कोटी रुपये व्याजाविना परत देण्याचे ठरले.

या काळात परकीय गुंतवणूक आटली नाही, हेही खरे. एवढी मोठी बाजारपेठ कोण सोडील? लहान देशाला मात्र हे परवडले नसते.

लवाद चालू असतानाच भारताने असे बहुतेक जुने करार संपुष्टात आणले. नव्या नमुन्यानुसार गुंतवणूकदाराने आधी ५ वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागायची. २०२४ च्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात ही मुदत ३ वर्षांवर आली. तेवढ्या काळात निकाल हाती येतो काय, हे थकलेल्या उधारीसाठी दिवाणी दावा लावून बसलेल्या कोणत्याही पेढीला विचारावे.