नेपल्सची बाई, तेरची बाई

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक खोली आहे. पाँपेईत सापडलेली ‘तसली’ चित्रं आणि मूर्ती तिथे ठेवल्या आहेत. कित्येक वर्षं ती बहुतेक काळ कुलूपबंदच असायची, साध्यासुध्या माणसाला आत सोडत नसत. २००० साली ती सगळ्यांसाठी उघडली, पण नाव अजून तेच, ‘गुप्त दालन’. नाव ऐकूनच रांगेत उभं राहावंसं वाटतं ना?

तर या खोलीत एक आपली बाई उभी आहे. जेमतेम वीतभर उंचीची, हस्तिदंतात कोरलेली. अंगावर कपड्यांपेक्षा दागिनेच जास्त. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुवियस फुटला आणि पाँपेई राखेखाली गाडलं गेलं, तेव्हा ही बाई तिथल्या एका घरात होती. १९३८ मध्ये ती पुन्हा उजेडात आली. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांना ती यक्षी वाटते. आणि ती शोपीसही नव्हती म्हणे. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, म्हणजे कसल्या तरी छोट्या फर्निचरचा पाय असेल नाहीतर आरशाची मूठ.

इटलीला जाऊन आलेल्या मराठी मंडळींच्या अल्बममध्ये ही बाई हमखास सापडते. आता तिची बहीण कुठे राहते ते सांगते. तिला भेटायला व्हिसा लागत नाही, एसटीचं तिकीट पुरतं. पत्ता : तेर, जिल्हा धाराशिव.

२०२३ पर्यंत आपण ज्याला उस्मानाबाद म्हणत होतो तो हा जिल्हा. मुंबई-पुण्याच्या ऑफिसमध्ये कुणी ‘मी उस्मानाबादचा’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘म्हणजे तुळजापूरच्या जवळ ना?’ कलेच्या नकाशावर या भागाचं नाव फारसं येत नाही. आलं तेही पाहुणचारासाठी. २०१७ मध्ये इथे ९७वं नाट्यसंमेलन झालं, जयंत सावरकर अध्यक्ष होते. जानेवारी २०२० मध्ये साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. दोन्ही वेळा मांडव पडले, गाड्या आल्या, गाड्या गेल्या. आलेल्यांपैकी किती जण वाट वाकडी करून तेरला गेले असतील, हा प्रश्न मला उगाचच सतावतो.

तेरणा नदीच्या काठावरचं हे गाव. गाव म्हणजे काय, तर एकावर एक साचलेल्या जुन्या गावांच्या टेकाडांवर बसलेलं आजचं गाव. मराठवाड्यात अशा जुन्या वस्तीच्या मातीला पांढर म्हणतात. धाब्याच्या घराच्या छतावर घालायला ही पांढरी माती फार चांगली. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या लोक टेकाडं खणत आले आणि माती घरी नेत आले. फावड्याबरोबर मणी वर यायचे, खापरं यायची, मातीच्या बाहुल्या यायच्या. पोरं खेळायला घ्यायची, मोठी माणसं बाजूला टाकायची. जोराचा पाऊस झाला की टेकाड धुऊन निघायचं आणि उतारावर आणखी काहीबाही चमकायचं.

याच गावात रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होते. लोक टाकून देत होते ते त्यांनी उचलून ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे ना पुरातत्त्वाची डिग्री, ना कुठली ग्रँट. छंद, एवढंच. पण हा छंद असा काही वाढला की १९६० साली ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी तेरवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या अभ्यासकांना या गावाचा पत्ता कळला. आज हा संग्रह राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, संग्रहालयाला लामतुऱ्यांचंच नाव आहे आणि वस्तूंची संख्या २३ हजारांच्या वर जाते. एका खेड्यात!

हस्तिदंताची बाई याच संग्रहातली. पाँपेईच्या बाईच्या निम्म्याच उंचीची, पण उभं राहण्याची ढब, कमरेवरचे दागिने, सगळा थाट तोच. हीसुद्धा आरशाची मूठ असावी असा अंदाज आहे. इथे आपल्यातले काही उत्साही लोक लगेच जाहीर करून टाकतात की पाँपेईची बाई तेरहूनच गेली. थांबा जरा. तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्य भारतातली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच एका मूर्तीचा तुकडा उत्खननात मिळालाय, त्यामुळे दावेदार आणखी वाढतात. तेरच्या बाईला नेपल्सच्या बाईचा टेकू कशाला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्वतःच्या पायावर उभी आहे.

शिवाय, खरं सांगू? संग्रहालयात माझा जीव अडकतो तो मातीपाशी. इथे पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात, मग दोन्ही जोडायच्या, आतून पोकळ. दोन साच्यांची ही रीत रोमन जगाशी आलेल्या संबंधांतून आली असावी असं अभ्यासक मानतात. पण साचा कुठलाही असो, चेहरे इथले आहेत. बायकांच्या केसांच्या रचना बघा, कानातली बघा. लग्नाच्या सीझनमध्ये पार्लरवाल्यांनी इथे एक फील्ड ट्रिप काढायला हरकत नाही. लज्जागौरीच्याही मूर्ती आहेत. रा. चिं. ढेरे यांनी जिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं ती ही देवी.

आणि सगळ्यात मजेशीर वस्तू म्हणजे मातीच्या छोट्या गोल टिकल्या. इथे रोमन नाणी यायची. सोन्याचं रोमन नाणं गळ्यात घालणं ही तेव्हाची स्टाइल असणार. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी काय करावं? नाण्याचा छाप मातीवर घ्यायचा, भाजायचा, दोरीत ओवायचा. झालं काम. फॅशन स्ट्रीटवरच्या ‘फर्स्ट कॉपी’ला नावं ठेवणाऱ्यांनी ही टिकली एकदा जरूर बघावी. दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणीतरी साधा कमावता माणूस त्या टिकलीतून तुमच्याकडे बघून डोळा मारतो.

हे सगळं तेरमध्ये कसं आलं? कापडामुळे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराचं गाईडबुक लिहिलं, ‘पेरिप्लस’ नावानं ते ओळखलं जातं. त्यात भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणहून तगर दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. तगर फार मोठं शहर आहे, तिथून साधं कापड आणि तलम मलमल मोठ्या प्रमाणात येते, असंही तो लिहितो. माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. (रस्त्यांवर टिप्पणी करण्याचा मोह मी इथे आवरते आहे.) हे तगर नेमकं कुठलं यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची चांगलीच जुंपली होती. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असं मांडलं आणि वाद मिटला. मजा म्हणजे कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणवून घेत. आपले पूर्वज तगरचे, याचा त्यांना केवढा अभिमान. आज मुंबईत स्थायिक झालेला मराठवाड्याचा माणूस ‘मूळ गाव’ सांगतो, तसंच काहीसं.

आता थोडं कडू. रामलिंगप्पांनी वस्तू वाचवल्या, त्याबद्दल त्यांना शंभर सलाम. पण अशा संग्रहात एक गोष्ट कायमची हरवलेली असते, ती म्हणजे वस्तूची जागा. मणी कुठल्या टेकाडात, किती खोल, कुठल्या घराच्या जमिनीवर, कशाच्या शेजारी मिळाला हे कळलं तर तो मणी बोलतो. नाहीतर तो नुसता सुंदर मणी. तेरला उत्खननंही झाली. १९५८ मध्ये चापेकरांनी केलेल्या कामाचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. पुढे सत्तरच्या दशकात, आणि अलीकडे २०१४-१५ च्या सुमारासही पुन्हा कुदळी लागल्या. पण टेकाडांवर माणसं राहतात. घर बांधायचं, शौचालयाचा खड्डा काढायचा, पाइपलाइन टाकायची तर त्यांनी कुठे जायचं? पुरातत्त्वासाठी गाव उठवा म्हणणं शहरात बसून सोपं असतं. आणि गावाला वाऱ्यावर सोडलं तर प्रत्येक पायाबरोबर एकेक शतक ट्रॉलीत भरून जातं. या पेचावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. एवढं मात्र वाटतं, की हजारो वस्तू जमवण्याची हौस याच गावात निघाली होती. मग खड्डा खणताना काय, किती खोल मिळालं याचा फोटो काढून नोंद ठेवायला गावातल्याच पोरापोरींना शिकवता येणार नाही का? मोबाईल तर आता प्रत्येकाच्या हातात आहे.

दुपारी संग्रहालय झालं की त्रिविक्रमाच्या देवळात जा. संपूर्ण विटांचं, मागची बाजू अर्धगोल, छत पिंपासारखं वळलेलं. कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होते, फक्त इथे डोंगर पोखरलेला नाही, वीट वीट रचली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स यांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं लिहिलं. आत पूजा मात्र त्रिविक्रम विष्णूची. भारतात इतकी जुनी, उभी राहिलेली विटांची वास्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. त्याच्या दाराची कोरीव लाकडी चौकट संग्रहालयात आहे, ती आधी बघून गेलात तर देवळापुढे उभं राहिल्यावर ती मनातल्या मनात परत बसवता येते.

आणि तेरला जाऊन गोरोबाकाकांना भेटला नाहीत तर गाववाले तुम्हाला माफ करणार नाहीत. संत गोरा कुंभार इथले, समाधी इथेच. थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर टपली मारून कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी तपासलं, ती गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. नामदेव कच्चे निघाले आणि रुसले. संग्रहालयातली ती साच्यातली माती बघून या देवळात आलात की लक्षात येतं, गोरोबांच्या आधी हजारेक वर्षं या गावात चाकं फिरत होती आणि भट्ट्या पेटत होत्या.

जायचं कसं? मुंबई-लातूर रेल्वेने धाराशिवला उतरायचं, पुढे एसटी किंवा जीप. पुण्याहून स्वतःची गाडी असेल तर सोलापूरमार्गे. संग्रहालय उघडं आहे का याची आधी चौकशी करा, सरकारी सुट्ट्यांचं गणित आपल्या वीकेंडशी नेहमी जुळतंच असं नाही. उन्हाळ्यात जाऊ नका, भाजून निघाल. पावसाळ्याच्या शेवटी जा, तेरणेला पाणी असतं.

मात्र याच दिवसांत टेकाडाच्या उतारावर एखादा निळा काचेचा मणी पायाशी चमकू शकतो. खिशात घालण्याआधी एक माहिती : जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, असा १८७८ चा कायदा आपल्याकडे आहे. पुराणवस्तूंच्या व्यापारासाठी १९७२ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे कुणी विकायला आणलं तरी घेऊ नका. मण्याची किंमत दहा रुपये असेल की नसेल, याचा हिशेब तिथे उन्हात उभं राहून करू नका. जिथे पडलाय तिथेच राहू द्या, जागेसकट फोटो काढा आणि चालत संग्रहालयात जाऊन दाखवा.