क्रोममध्ये चालते १९५८ सालची भाषा, आणि तेही जावास्क्रिप्टच्या जिवावर!

वेबसाइटवर बटण दाबलं की मेन्यू उघडतो, फोटो सरकतो. हे काम बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट करते. ब्राऊझरला मुळात कळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा तीच. मग त्याच ब्राऊझरमध्ये, काहीही इन्स्टॉल न करता, लिस्प ही १९५८ सालची भाषा कशी काय चालते?

तर त्याचं उत्तर आहे इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्या. जावास्क्रिप्टमध्ये एक प्रोग्रॅम लिहायचा, तो लिस्प वाचतो आणि त्यात सांगितलेलं काम करतो.

लिस्पच का?

कारण तिचे नियम अगदी मोजके आहेत. हे बघा: (+ २ (* ३ ४)). कंसातली पहिली खूण म्हणजे काय करायचं, बाकीचं म्हणजे कशावर करायचं. आधी आतला कंस, १२. मग बाहेरचा, १४. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ इथे फक्त ‘कं’वर संपतं! म्हणून लिस्पचा छोटा इंटरप्रिटर जावास्क्रिप्टच्या काही शे ओळींत बसतो.

लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा शब्द रूढ करणारेही तेच. लिस्पचा अर्थ लावणारं फंक्शन त्यांनी आधी कागदावर लिहिलं होतं. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर उतरवलं. तोच पहिला लिस्प इंटरप्रिटर.

नातं जुनंच आहे

१९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने ब्रेंडन आईक यांना बोलावलं, ते ब्राऊझरमध्ये स्कीम आणण्यासाठी. स्कीम ही लिस्पच्याच घरातली भाषा. पण नंतर वरिष्ठांना जावासारखी दिसणारी भाषा हवी झाली. आईक यांनी दहा दिवसांत पहिला नमुना तयार केला, तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. रूप जावाचं, पण फंक्शन वापरण्याची पद्धत स्कीमची. आज बिवास्कीमसारखे इंटरप्रिटर स्कीमला पुन्हा ब्राऊझरमध्ये आणतात.

मग अडतं कुठे?

स्कीममध्ये एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं तर फंक्शन स्वतःलाच बोलावतं. हे बोलावणं शेवटच्या पायरीवर असेल, तर त्यासाठी नवी मेमरी अडवायची नाही, असा नियम आहे. याला टेल कॉल म्हणतात. २०१५ च्या जावास्क्रिप्ट मानकात ही सोय आली, पण ती दिली फक्त सफारीने. क्रोम आणि फायरफॉक्सने दिलीच नाही. त्यामुळे इंटरप्रिटर लिहिणाऱ्याला हा हिशोब स्वतः सांभाळावा लागतो, आणि प्रोग्रॅमचा वेग कमी होतो.

दुसरी वाट वेबअसेम्ब्लीची. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनी २०२३ मध्ये तिथे टेल कॉल आणले, वापरून झालेली मेमरी मोकळी करण्याची सोयही दिली. हूट नावाचा प्रकल्प याच सोयींवर स्कीम चालवतो.

आपल्याला काय त्याचं?

ज्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नाही, त्याला मोबाईलवरच नवी भाषा शिकता येते, हा थेट फायदा. पण त्यामागची दुसरी बाजूही लक्षात घ्या. मानकात लिहिलेली सोयसुद्धा प्रत्यक्षात मिळेल की नाही, हे ब्राऊझर बनवणाऱ्या दोन-तीन कंपन्या ठरवतात. टेल कॉलचं २०१५ पासून तेच झालंय.