सत्कार पुरे, संघ हवा

अण्णासाहेब कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां बायकांना इतकें शिकवून करावयाचें काय, असें विचारणारे पुष्कळ होते. त्याच विद्यापीठानें १९९७ सालीं सांताक्रूझ येथील जुहूच्या आवारांत मुलींसाठीं तंत्रशिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. आज तो जुना प्रश्न उघडपणें कोणी विचारीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मुली व सुना संगणकाच्या व्यवसायांत आहेत, आणि त्यांचा घरांत अभिमानही आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. पदवी घेतलेली मुलगी पंधरा वर्षांनीं त्याच व्यवसायांत टिकावी म्हणून आपण काय केलें?

यावर दोन उत्तरें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, गुणवत्तेला संघाची गरज नाहीं. यंत्राला स्त्रीपुरुषभेद कळत नाहीं. यंत्राला कळत नसेल. पण यंत्रापाशीं कोणाला बसवावें हें माणसें ठरवितात. शिवाय पुरुषांना संघ नसतो हें तरी कोठें खरें आहे? वसतिगृहांतील जुनी ओळख, कचेरीबाहेरचा चहा, रात्रीं उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा, यांतूनच कोणती जागा रिकामी होणार, कोणतें नवें तंत्र शिकावें, पगार किती मागावा, हें कळत असतें. त्याला संघ म्हणत नाहींत, एवढेंच! घरीं मूल वाट पाहत असल्यामुळें सांताक्रूझची गाडी गांठण्यासाठीं धांवणारी स्त्री या गप्पांत कधीं बसणार?

पहिल्या महायुद्धांत ब्रिटनमधील स्त्रियांनीं कारखान्यांतून कुशल कामें केलीं. युद्ध संपतांच त्यांना घरची वाट दाखविण्यांत आली. त्यांचें कौशल्य एका वर्षांत नाहींसें झालें नव्हतें. त्यांच्या पाठीशीं कोणी नव्हतें. म्हणूनच १९१९ सालीं सात जणींनीं तेथें स्त्री-अभियंत्यांची संस्था स्थापिली. ती आजही काम करीत आहे.

दुसरें उत्तर आम्हांला अधिक घातक वाटतें. तें म्हणजे दरवर्षीं ८ मार्चला होणारा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि 'घर व नोकरी दोन्ही लीलया सांभाळणाऱ्या भगिनी'ची तोंडभर स्तुति! या स्तुतीचा सरळ अर्थ असा कीं, दोन्ही ओझीं तिचींच आहेत व तीं तशींच राहावींत. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं एकानेंही तिच्या मुलाला कोण सांभाळतें, हें विचारलेलें नसतें.

खरा संघ कसा असावा, याचें उदाहरण आपल्यापाशींच आहे. १९७३ सालीं मुंबईंत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना निघाली. ती केवळ व्याख्यानें करून थांबली नाहीं. वाशीला तिनें नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृह आणि मुलांसाठीं पाळणाघर उभारलें. २०१७ च्या कायदेदुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर ठरविलें, हें चांगलेंच झालें. परंतु हक्क कागदावर असला तरी तो एकटीनें मागावयाचा म्हणजे नोकरीवर निखारा ठेवण्यासारखें आहे. दहा जणींनीं मिळून मागितला तर तीच साधी मागणी ठरते. आणि रजेनंतर मागें पडलेली विद्या पुन्हां कोणापासून शिकावी, याचें उत्तर कोणत्याच कायद्यांत नाहीं. तें अनुभवी मैत्रिणीच देऊं शकतात.

म्हणून सांताक्रूझच्या पदवीधर भगिनींना आमचें सांगणें आहे कीं, त्यांनीं स्नेहसंमेलनावर समाधान मानूं नये. कायमचा निधि, विश्वासू पाळणाघरें, खंड पडलेल्यांसाठीं फेरशिक्षणाचे वर्ग आणि पगाराविषयीं मोकळी माहिती, एवढें त्यांनीं हातीं घ्यावें. आणि त्या सभेला जातील त्या सायंकाळीं घरचा स्वयंपाक व मुलाचा अभ्यास नवऱ्यानें, सासूसासऱ्यांनीं पाहावा. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांचे सत्कार केले नाहींत. त्यांनीं आश्रम काढला आणि त्यासाठीं दारोदार वर्गणी मागितली. त्यांच्या नांवाचा अभिमान सांगणाऱ्या घरांनीं एवढी एक सायंकाळ तरी द्यावी.