ऋण सहा आणि सहा

परवां सायंकाळीं, आमच्या नंदनवनांतील घरीं, नववींत शिकणारी नात पुस्तक घेऊन आली. "आजोबा, केवल मूल्य म्हणजे शून्यापासूनचें अंतर, आणि अंतर कधीं ऋण नसतें, असें तुम्हींच सांगितलें होतें ना? मग क्ष शून्याहून लहान असल्यास त्याचें केवल मूल्य −क्ष, असें येथें कसें छापलें आहे?"

वाचकहो, मी ओशाळलों. आयुष्यभर मीं वर्गांत एकच मंत्र दिला : चिन्ह पुसा, केवल मूल्य मिळतें. अंकांपुरता तो चालतो. अक्षर आलें कीं फसतो, कारण क्षच्या मागें पुसण्याजोगें चिन्हच नसतें. −क्ष ही ऋणच असली पाहिजे असें नाहीं. ती क्षची विरुद्ध संख्या, शून्याच्या दुसऱ्या अंगास तितक्याच अंतरावर असलेली. क्ष स्वतःच −६ असेल, तर −क्ष म्हणजे ६.

तें तिला पटलें. "पण अंतर सारखेंच, तर चिन्ह हवें कशाला?"

मीं म्हटलें, सीताबर्डीच्या शून्य मैलाच्या दगडापासून दोन रिक्षा निघाल्या, एक पूर्वेस, एक पश्चिमेस. दोघी सारख्याच लांब गेल्या, भाडेंही सारखेंच झालें. पण नंदनवनाच्या बाजूस येणारी एकच. ती हंसली. तेवढ्यानें माझें समाधान होईना, म्हणून लीलावती काढली.

भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथांत एक त्रिकोण आहे : पाया ९, भुजा १० आणि १७. लंब पायाला कोठें मिळतो? भुजांची बेरीज २७, वजाबाकी ७. गुणाकार १८९, पायानें भागून २१. हे २१ नवांतून वजा जात नाहींत. आचार्य अडले नाहींत. उलट वजा करून अर्ध केलें, ६ आले. ते ऋण मानून दिशा उलटी समजावी असें त्यांनीं सांगितलें. म्हणजे लंब पायाच्या बाहेर पडतो!

आम्हीं पाया संख्यारेषेवर ठेवला, १० च्या भुजेचें टोक शून्यावर, १७ चें नवावर. नातीनें घाईनें लंब ६ वर उभारला. दहाच्या भुजेनें हरकत घेतली नाहीं. ६ असो वा −६, वर्ग ३६च, शंभरांतून गेल्यावर ६४, लंब ८. परंतु ९ पासून ६ पर्यंत अंतर अवघें ३. सतराचा वर्ग २८९, त्यांतून ९ गेले, उरले २८०. आठाचा वर्ग कोठें गेला? तिनें लंब −६ वर नेला. आतां अंतर १५. २८९ मधून २२५ गेले, ६४ उरले. मग मात्र ती कांहीं बोलली नाहीं, नुसती आकृतीकडे पाहत राहिली.

आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेवानें चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. आमच्याकडे आजोबांनाच नातीपुढें बसावें लागलें. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल, तर त्यानें तो मंत्र आपल्या मुलांस सांगूं नये, ही विनंती.