बावची आणि चैत्राचे ऊन

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरी यात्रेस निघालेल्या भाविकास फेटा, उपरणे, सावली यांचे महत्त्व सांगावे लागत नाही. आमची चिंता वेगळी आहे. श्वित्रावरील बावची तेल आपल्याच औषधालयांत चिठ्ठीविना, मागेल त्यास मिळते. बावचीतील सोरालेन त्वचेस सूर्यकिरणांबाबत संवेदनशील करते. उपचाराचे मर्म तेच आणि धोकाही तोच. दाह व फोड बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतात, त्यामुळे बाटलीवर कोणाचा संशयही जात नाही. श्वित्रातील आतपसेवन म्हणजे वैद्याने मोजून दिलेले ऊन. तेल लावून दुपारभर रानात राबणे म्हणजे पोळणेच. धाराशिव जिल्ह्यातील औषधविक्रेत्यांनी निदान उन्हाळ्यात तरी हे तेल चिठ्ठीविना देऊ नये, आणि पोटातून बावची घेणाऱ्यास काळा चष्मा लिहून देण्यात आपण वैद्यांनी कमीपणा मानू नये.