तालीम सुटली, खुराक नाही

पुणे-बंगळूर हायवेवर वाठार फाट्याला एस.टी.तून उतरलं, की वारणानगरला जाणारा वडाप मिळतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उसाने गच्च भरलेला ट्रॅक्टर आणि कारखाना जवळ आला की नाकात शिरणारा तो मळीचा ओळखीचा वास. दर दिवाळीला हा वास आला की मला आनंदाच्या उकळ्या फुटतात. परवाच्या दिवाळीत मात्र उकळ्यांबरोबर पोटात एक गोळाही आला. कारण अंगात होती वर्षभर घाम गाळून कमावलेली अठ्ठावीस कंबरेची जीन्स, आणि पुढचे सहा दिवस मुक्काम होता आईच्या स्वयंपाकघराशेजारी!

दारात पाऊल ठेवलं आणि आईचं पहिलं वाक्य आलं, "अगं बया, किती वाळलीयास! पुण्यात खायला मिळत न्हाई व्हय?"

तर मंडळी, आजचा विषय हाच. वजन कमी कसं करायचं हे सांगणारे आपल्याकडे पायलीचे पन्नास आहेत. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आहेत. तूप-भाताला घाबरू नका, घरचं आणि हंगामातलं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर आहेत. या दोघांचे भक्त एकाच ऑफिसच्या कँटीनमध्ये कडाकडा भांडताना मी स्वतः पाहिलेत. पण वजन उतरल्यानंतर काय? ते उतरलेलं टिकवायचं कसं? यावर कँटीनमध्ये कुणी बोलत नाही. आणि माझ्यासारखीचा घोळ होतो तो नेमका तिथेच.

साखर घरची, दूध घरचं

आधी आमचं गाव समजून घ्या. १९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६८ साली दूध संघ आला. म्हणजे एका हाताला साखर आणि दुसऱ्या हाताला दूध. ही दोन्ही एकत्र आली की काय होतं? बरोब्बर, श्रीखंड! वारणेचं श्रीखंड तुम्ही पुण्या-मुंबईच्या दुकानात डब्यातून घेता, आम्ही त्याच्या माहेरी वाढलो. अशा गावात 'मी डाएटवर आहे' असं म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाचं दर्शन नको म्हणण्यासारखं.

शिवाय हा कुस्तीचा पट्टा. दर वर्षी १३ डिसेंबरला, तात्यासाहेबांच्या पुण्यतिथीला, वारणेत कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. आमच्या घरातही एक पैलवान होते, माझे थोरले काका, आण्णा. पहाटे चारला उठायचं, जोर मारायचे, शेकड्यांनी बैठका काढायच्या, आखाड्यात लढती करायच्या, संध्याकाळी परत मेहनत. त्यावर खुराक म्हणून दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पंचविशीत गुडघा गेला आणि तालीम सुटली. खुराक मात्र सुटला नाही. आज्जी रोज तांब्याभर दूध समोर ठेवायची आणि आण्णा प्यायचे. पैलवानाच्या घरात दुधाला नाही कोण म्हणणार?

चाळिशीत आण्णांना मधुमेह निघाला. आमच्याकडे त्याला 'साखर झाली' म्हणतात, आणि साखर कारखान्याच्या गावात हा विनोद कुणाला हसवत नाही. दोन वर्षांपूर्वी पायाला झालेली जखम चिघळली आणि एक बोट काढावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, पैलवानाचा आणि आपला काय संबंध? अहो, आपण सगळे तेच करतो! बहिणीच्या लग्नाआधी मी तीन महिने जिममध्ये घाम गाळला, उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि नऊ किलो उतरवले. फोटो सॉल्लिड आले. लग्न झालं, जिमचं पॅकेज संपलं, खाणं पूर्वीच्या रुळावर आलं. वर्षभरात अकरा किलो परत. नऊ मुद्दल आणि दोन व्याज!

शरीराचा हिशोब वेगळा असतो

तेव्हा मी स्वतःला जाम शिव्या घातल्या. आळशी, खादाड, मनाची कच्ची वगैरे. नंतर एका लेखासाठी वाचायला घेतलं आणि कळलं, की प्रकरण एवढं सोपं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, शरीर हलकं झालं की त्याला चालवायला इंधनही कमी लागतं. सत्तर किलोच्या माणसाचं जेवण साठ किलोच्या अंगाला जास्तच होतं. दुसरी गोष्ट जास्त छळवादी आहे. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही शोमधल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तो अभ्यास २०१६ साली आला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. पण त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढ्या कॅलरी जाळायला हवं होतं, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कमी जाळत होतं. ऑस्ट्रेलियात २०११ साली आलेल्या अभ्यासात दिसलं, की वजन उतरवल्यावर भूक वाढवणारी हार्मोन्स वर्षभरानंतरही मूळ पदावर आली नव्हती. म्हणजे तुम्ही पार्टी करत असता, पण शरीर समजतं दुष्काळ पडलाय, आणि ते साठेबाजी सुरू करतं.

सध्या गाजणाऱ्या वजनाच्या इंजेक्शनांचंही तसंच. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन सरासरी दोन-तृतीयांश परत आलं, असं २०२२च्या एका अभ्यासात दिसलं. इंजेक्शन म्हणा, क्रॅश डाएट म्हणा, नाहीतर लग्नाआधीची जिम म्हणा. तालीम सुटली, की वजन आपल्या मूळ पत्त्यावर परत येतं.

'पण मी कुठे जाड दिसतो?' असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलीच एक गोष्ट. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले डॉक्टर २१.२ टक्के! आपण भारतीय वरून सडपातळ आणि आतून गुबगुबीत असू शकतो. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही हवी. बायकांची कंबर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की आपल्याकडे धोक्याची घंटा समजतात.

टिकवणारे काय करतात?

काही जणांना हे जमतं, बरं का. अमेरिकेत १९९४ साली 'नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री' सुरू झाली. साधारण साडेतेरा किलो उतरवून किमान वर्षभर टिकवलेल्या हजारो लोकांची ही नोंदवही. त्यांची डाएट्स वेगवेगळी होती, पण सवयी बऱ्याचशा सारख्या निघाल्या. बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करत होते, आणि तोही मुख्यतः चालण्याचा. चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करत होते. बहुतेक जण नाश्ता चुकवत नव्हते. थोडक्यात, त्यांनी तालीम कधी सोडलीच नाही, फक्त हलकी केली.

दुसऱ्यांदा वजन उतरवताना मी हेच धरलं. दीड वर्षात दहा किलो गेले आणि गेले चौदा महिने ते परत आलेले नाहीत. माझा डबा एकदम बोअरिंग आहे. एक-दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, ताक. खरी कमाई चहात झाली. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दीडशेच्या आसपास कॅलरी नुसत्या गप्पा मारता मारता. आता एकच चहा साखरेचा, बाकीचे बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस काढा प्यायल्यासारखं वाटतं, नंतर गोड चहाच पाकासारखा लागतो. फोनवरचे इंटरव्ह्यू मी चालत चालत घेते, आणि आठवड्यातून तीनदा बैठका काढते. वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि ते राखायचे तर ताकदीचा व्यायाम हवाच.

दिवाळीचे सहा दिवस

हे सगळं पुण्यात ठीक आहे हो, पण घरी? घरी अन्न म्हणजे नुसत्या कॅलरी नसतात. आईने आठवडाभर राबून चकल्या तळलेल्या असतात. ताट बाजूला सारलं तर ते तिला लागतं. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला आणि म्हणाले, "आई, मी तळलेलं खात नाही."

आई काहीच बोलली नाही. डब्याचं झाकण लावलं आणि आत गेली. ते झाकण लावणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मी सूत्र बदललं. 'खात नाही' हा शब्दच काढून टाकला. चकली खायची, पण दोन आणि बशीत घेऊन. डबा मांडीवर घेऊन टीव्ही बघायचा नाही. श्रीखंड पाडव्याला, जेवणात, एक वाटी आणि डोळे मिटून. फ्रीज उघडून उभ्या उभ्या चमचा मारायचा नाही. मटणाच्या दिवशी पांढरा रस्सा एकदा, तांबडा एकदा, भाकरी एक आणि भाताला सुट्टी. आईला म्हटलं, "तुझ्या हातचं सगळं खाणार, पण वाढून मी घेणार." तिला ते पटलं असं नाही, पण डब्याचं झाकण परत उघडलं.

आणि रोज सकाळी चालायला जायचं. दुसऱ्या दिवशी अंगणात बैठका काढत होते, तर कट्ट्यावरून आवाज आला, "ह्याला बैठक म्हनत्यात व्हय?" आण्णा! खांबाला हात टेकून उठले, पायात डॉक्टरांनी सांगितलेले बूट होते. एका हाताने खांब धरून निम्म्यापर्यंत खाली गेले आणि पाठ ताठ ठेवून वर आले. "दम सोडत वर यायचं. घाई न्हाई." वीस वर्षांत त्यांना बैठक मारताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाच मारल्या. सहाव्याला थांबले आणि हसले.

मग मी विचारलं, "आण्णा, चालायला येता?" डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं, पण रिकाम्या हातांनी चालायचं हे एका जुन्या पैलवानाला कमीपणाचं वाटत होतं. त्या दिवशी कोडोलीच्या रस्त्याने आम्ही वीस मिनिटं चाललो. वाटेत त्यांनी सांगितलं, की साखर सोडलीय, आता चहात गूळच टाकतो. मी थांबलेच. गुळाला गावात औषधाचा मान आहे. पण कॅलरीच्या हिशोबात तो साखरेचा सख्खा भाऊ, आणि रक्तातली साखरही तसाच वाढवतो. आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे कुनी सांगितलंच न्हाई की गं पोरी."

परतल्यावरचा काटा

पुण्याला आले आणि दुसऱ्या सकाळी काट्यावर उभी राहिले. नऊशे ग्रॅम जास्त! पूर्वीची मी असते तर 'गेलं सगळं' म्हणून त्याच संध्याकाळी पिझ्झा मागवला असता. पण २००० साली अमेरिकेत आलेला एक अभ्यास माझ्या डोक्यात होता. सणासुदीच्या हंगामात लोकांचं वजन सरासरी अर्धा किलोसुद्धा वाढत नाही, असं त्यात दिसलं. गंमत पुढे आहे. ते थोडंसं वजन पुढच्या महिन्यांत उतरतही नाही. म्हणजे दिवाळी आपल्याला जाड करत नाही, दिवाळीनंतरचं विसरणं करतं.

म्हणून मी सिग्नलची पद्धत ठेवलीय. २००६ साली आलेल्या एका प्रयोगात वजन उतरवलेल्या लोकांना ती शिकवली होती. दीड वर्षानंतर, प्रत्यक्ष भेटून मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी शंभरात ४६ जणांचं वजन सव्वादोन किलो किंवा जास्त परत आलं. नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांत हा आकडा ७२ होता. चमत्कार नाही, पण फरक मोठा आहे. माझे नऊशे ग्रॅम हिरव्यातच होते. आठवडाभर नेहमीचा डबा, नेहमीचं चालणं. पुढच्या सोमवारी तीनशे ग्रॅम उरले.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. "आण्णा जात्यात फिरायला."

"रोज?"

"रोज कुठलं! दिवसाआड. पन चहातला गूळ सुटलाय बघ."

दिवसाआड तर दिवसाआड. तालीम परत सुरू झाली, हे काय कमी आहे?

सुट्टीला निघण्याआधी...

• निघताना आणि परतल्यावर वजन करा. सव्वा किलोपर्यंत वाढ म्हणजे हिरवा सिग्नल, त्याच्या पुढे पिवळा म्हणजे सवयी तपासा, सव्वादोनच्या वर लाल. लाल दिसला तर आजच कामाला लागा, सोमवारची वाट बघू नका.

• सुट्टीत वजन कमी करायच्या फंदात पडू नका. टिकवलं तरी जिंकलात.

• सणाचा एक पदार्थ निवडा आणि तो मनापासून खा. बाकीच्यांची चव घ्या.

• 'नको' म्हणण्यापेक्षा 'मी वाढून घेते' म्हणा. कुणाचं मन मोडत नाही.

• अर्धा तास चाला, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन. गप्पा फुकट!

• घरात कुणाला मधुमेह असेल, तर चालणं, पायातले बूट आणि गोळ्या याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा. आणि हो, गुळाचं तेवढं सांगा.