थेंबे थेंबे तळें आटे

संसारांतील मोठा खर्च सहसा नजरेंतून सुटत नाहीं. मुलीचें लग्न, घराची डागडुजी, मुलांचें शिक्षण यांचे आंकडे वडील मंडळी आधींपासून मांडून ठेवितात. सुटतो तो लहान खर्च. आणि त्यांतहि जो आपण केलेलाच नसतो, तो तर हटकून सुटतो. मोबाइलच्या शिलकेंतून न मागितलेल्या सेवेपायीं कापले जाणारे पैसे हें याचें ठळक उदाहरण होय.

या व्यवहाराची रचना प्रथम समजून घेणें अगत्याचें आहे. कांहीं ठराविक लघुक्रमांकांवर संदेश पाठविल्यास नेहमींपेक्षां अधिक दर पडतो. भविष्य, विनोद, क्रिकेटचा धावफलक, गाण्यांच्या धुना असा माल पुरविणारी संस्था निराळी, तो कंपनीपर्यंत पोंचविणारा मध्यस्थ निराळा, आणि पैसे कापणारी मोबाइल कंपनी निराळी. प्राप्तीची वांटणी मात्र या सर्वांत होते. अर्थात् तक्रार घेऊन जाणाऱ्या ग्राहकास प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवूं शकतो.

स्वखुषीनें केलेल्या खर्चाचीहि गोष्ट पाहण्यासारखी आहे. २००७ सालीं 'कौन बनेगा करोडपति' या कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वांत प्रेक्षकांसाठीं एक स्पर्धा ठेविली होती. प्रश्नाचें उत्तर संदेशानें कळवावयाचें, व बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकीं एकास दोन लक्ष रुपये मिळावयाचे. संदेशाचा दर २ रुपये ४० पैसे होता. सुमारें ५ कोटि ८० लक्ष संदेश आले. म्हणजे तेरा कोटींहून अधिक रुपये लोकांच्या खिशांतून गेले. बावन्न भागांतील बक्षिसांची बेरीज अवघी १ कोटि ४ लक्ष! राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून एक कोटि रुपयांची दंडात्मक भरपाई फर्माविली. बक्षिसें संदेशांच्याच पैशांतून दिलीं, असें मानण्यास पुरेसा आधार नाहीं, असें म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा निकाल शिरसावंद्य आहे. परंतु गृहिणीनें करावयाचा हिशेब निराळा. अडीच रुपये कोणासच जड वाटले नाहींत, म्हणूनच त्यांचे तेरा कोटि झाले.

एकत्र कुटुंबांत या गोष्टीस आणखी एक नाजूक बाजू आहे. आजोबांच्या फोनांतील शिल्लक दर आठवड्यास घटते. फोन बहुधा नातवाच्या हातीं दिसतो. संशय साहजिकच त्याच्यावर जातो. वस्तुतः पडद्यावर उमटलेला इंग्रजी मजकूर एकदांचा नाहींसा व्हावा, एवढ्याचसाठीं आजोबांनींच 'ओके'ची कळ दाबलेली असावयाची. पैसे जातात ते जातातच. पण निरपराध मुलाच्या सत्यनिष्ठेवर डाग पडतो, ती हानि रुपयांत मोजतां येत नाहीं. यास्तव चौकशी आधीं हिशेबाची करावी, मुलाची मागाहून.

ग्राहक अगदींच निराधार नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें जुलै २०१३ मध्यें दिलेल्या आदेशानुसार अशी सेवा चालू करण्यापूर्वीं ग्राहकाची दोनदां स्पष्ट संमति घेणें कंपनीवर बंधनकारक झालें. संमति नसतां सेवा चालू झाल्याचें दिसतांच चोवीस तासांच्या आंत कळवून पैसे परत मागावे. नको असलेली सेवा बंद करण्यासाठीं १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक ठेवण्यांत आला. २०१२ च्या नियमांन्वयें आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकासहि मागील सहा महिन्यांतील खर्चाचा तपशील मागतां येतो. त्यास ५० रुपयांहून अधिक आकार घेतां येत नाहीं.

अलीकडे हाच प्रकार बँकेच्या खात्यांतून आपोआप वळत्या होणाऱ्या वर्गणीच्या रूपानें घरांत शिरला आहे. अशा वसुलीपूर्वीं चोवीस तास आधीं सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. पण सूचना वाचावयास तर हवी!

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं घरांतील एखाद्या जाणत्या मुलानें वा सुनेनें वडिलांजवळ बसून त्यांच्या फोनांतील संदेश मराठींत वाचून दाखवावे. अर्ध्या घटकेचें काम आहे. त्यानें पैसा तर वांचेलच. शिवाय न कळणाऱ्या यंत्रापुढें आपण एकटे आहों, ही वडिलांची भीतीहि कमी होईल.